संकल्पातलं ‘श्वेतवाराहकल्पे’ आणि फळ्यावरचे 1380 कोटी

खडूफळा (सोलापूर) | सोमवार, रात्री 9.10

नमस्कार मंडळी. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. गेल्या महिन्यात जुळे सोलापुरातल्या नव्या घराची वास्तुशांत केली. पाटावर बसलो, उजव्या तळहातात पळीभर पाणी आणि अक्षता, बायकोचा हात माझ्या हाताला लागलेला. गुरुजी संकल्प सांगू लागले. ब्रह्मणो द्वितीये परार्धे, श्रीश्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे प्रथमचरणे. मग भरतखंडे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, तिथी. सगळ्यात शेवटी माझं गोत्र आणि माझं नाव.

लहानपणापासून हे ऐकत आलोय. त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की हा पत्ता आहे. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून सुरुवात करून उतरत उतरत माझ्या पाटापर्यंत आणलेला. अंगावर काटा आला.

दोन दिवसांनी बारावीच्या वर्गात विश्वाचं प्रसरण समजावत होतो. इलॅस्टिकच्या नाडीवर शर्टाची बटणं शिवून ठेवली आहेत. नाडी ताणली की प्रत्येक बटण दुसऱ्यापासून लांब जातं आणि मधलं बटण कुठलंच नसतं. फळ्यावर लिहिलं, विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, वास्तुशांतीला आम्ही पण आलतो की जेवायला. तिथं तुम्ही कल्प, युग म्हणायलता. आज 1380 कोटी सांगायलाव. मग दोन्हीतलं खरं कुठलं?"

वर्ग हसला. मुलगा हसत नव्हता. मी "उद्या सांगतो" म्हणालो आणि चार दिवस झाले तरी सांगितलेलं नाही. तुम्ही काय करता? दोन वेगळे कप्पे ठेवता का? आणि ठेवत असाल, तर मधली भिंत तुम्हाला टोचत नाही का?

---

कडकभाकरी | रात्री 9.24

सर, आधी वास्तुशांतीच्या शुभेच्छा! विश्वाचं प्रसरण बघायला दुर्बीण लागते, जुळे सोलापूरचं मात्र गच्चीवरून दिसतं. बाकी प्रश्न भारी आहे, वाचतोय.

---

पुरातन | रात्री 9.41

यात विरोध कुठाय? ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे कल्प, 432 कोटी वर्षं. विज्ञान पृथ्वीचं वय 454 कोटी सांगतं. दुर्बीण नसताना आपल्या ऋषींनी एवढ्या जवळचा आकडा काढला. मुलाला अभिमानाने सांगा, दोन्ही खरं आहे.

---

मृगशीर्ष | रात्री 10.15

@पुरातन, अभिमान मलाही आहे, पण तो या जागी नको. कल्प म्हणजे पृथ्वीचं वय नव्हेच. खडूफळांनी म्हटलेल्या संकल्पाचाच हिशेब करा. कल्पाचे चौदा भाग म्हणजे मन्वंतरं, आणि चार युगांचा एक फेरा म्हणजे महायुग. सहा मन्वंतरं सरली, सातव्यातली 27 महायुगं सरली, अठ्ठाविसाव्यातलं कलियुग चालू आहे. मन्वंतरांमधला संधिकाल धरून या कल्पाची सुमारे 197 कोटी वर्षं उलटली आहेत. पृथ्वीचं वय जुळवायचंच असेल तर 197 घ्यायला हवं, आणि ते जुळत नाही. जुळणारा आकडा उचलायचा आणि न जुळणारा झाकायचा, ही ऋषींचीही फसवणूक आणि मुलाचीही.

खरी कौतुकाची गोष्ट वेगळीच आहे. आपल्या ज्योतिर्विदांसाठी 43,20,000 वर्षांचं महायुग हे कामाचं हत्यार होतं. इतका लांब काळ घेतला की प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पूर्णांकात मांडता येतात, अपूर्णांकांचा घोळ उरत नाही. आर्यभटाने तर चारही युगं सारखी, 10,80,000 वर्षांची धरली. स्मृतींप्रमाणे ती 4:3:2:1 या प्रमाणात हवीत, त्यावरून ब्रह्मगुप्ताने त्याला फैलावर घेतलं. म्हणजे धर्माची कालगणना आणि आकाशाची कालगणना यांच्यातली ओढाताण तेव्हाही होती, आणि ती आपल्याच लोकांत होती.

---

पुरातन | रात्री 10.32

197 चा हिशेब मी कधी केला नव्हता. मान्य. पण एवढ्या प्रचंड काळाची कल्पना करणं, हेही काही कमी नाही ना?

---

मृगशीर्ष | रात्री 10.36

अजिबात कमी नाही. तिथे मी तुमच्यासोबत आहे.

---

मुंग्यावाला | रात्री 10.58

माझं नवी पेठेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता मोबाइलचं आहे. तुम्हा शिकलेल्यांत मी काय बोलणार, पण एक गोष्ट सांगतो. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात चॅनल लागलं नाही की पडद्यावर मुंग्या यायच्या. ट्यूनर तपासायचा, अँटेना हलवायचा, तरी त्या राहायच्याच. पुढे मुलाच्या पुस्तकात वाचलं की त्या मुंग्यांतला थोडासा भाग विश्वाच्या सुरुवातीच्या उजेडाचा असतो. दिवसभर दुकानात बसून मी जो बिघाड म्हणून बघत होतो, त्यात तेही होतं. त्या रात्री मी देवापुढे जास्त वेळ बसलो. विज्ञानाने माझी श्रद्धा कमी झाली नाही. वाढली का, तेही नीट सांगता येत नाही, पण हात आपोआप जोडले गेले.

---

मृगशीर्ष | रात्री 11.07

@मुंग्यावाला, काय सुंदर लिहिलंत. ते शोधणाऱ्या दोघांचीही गत तुमच्यासारखीच झाली होती. पेन्झियास आणि विल्सन यांच्या न्यू जर्सीतल्या अँटेनातली खरखर काही केल्या जाईना. आत कबुतरांनी घरटं केलं होतं, विष्ठा होती, ती साफ केली. खरखर तशीच. शेवटी 1965 मध्ये उलगडलं की विश्व सुमारे 3,80,000 वर्षांचं असताना मोकळा झालेला तो उजेड आहे. आज तो थंड होऊन निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 2.7 अंशांवर आलाय. 1978 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

---

अनेकांत | मंगळवार, सकाळी 7.20

इथे सगळे धरून चालले आहेत की धर्म म्हणजे ‘कोणीतरी विश्व निर्माण केलं’ असं मानणं. आमच्या जैन दर्शनात तसं नाही. लोक अनादि-अनंत आहे, त्याला कर्ता नाही. सत् म्हणजे काय, तर ज्यात उत्पत्ती, नाश आणि टिकणं तिन्ही एकदम आहेत ते. नवव्या शतकातल्या आचार्य जिनसेनांनी तर सरळ विचारलंय की जग देवाने केलं असेल, तर त्याआधी देव कुठे होता आणि कशापासून केलं?

त्यामुळे बिग बँगने धर्म खोटा ठरला किंवा खरा ठरला, असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कुणाचा धर्म?

---

गच्चीवरचा_चांद | सकाळी 8.05

@अनेकांत, आमच्याकडे, इस्लामी विद्वानांत, याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. अकराव्या शतकातल्या इमाम गझालींचं म्हणणं, विश्वाला सुरुवात आहे, अनादि म्हणणारे तत्त्वज्ञ चुकतात. पुढच्या शतकात इब्न रुश्दने त्याला तेवढंच मोठं उत्तर लिहिलं. दोघंही नमाजी, दोघंही विद्वान. श्रद्धा एक असली की विश्वाबद्दलचं मतही एक होतं, असं नाही.

कप्प्यांचं म्हणाल तर आमच्या घरी भिंत रमजानच्या चांदाला दिसायची. मी ॲपवर बघून सांगायचो, आज चंद्र सूर्यानंतर इतक्या मिनिटांनी मावळणार, दिसणं अवघड आहे. आजोबा "बरं" म्हणायचे आणि तरी गच्चीवर चढायचे. पश्चिमेकडे डोळे बारीक करून उभे. एकदा म्हणाले, "बेटा, तुझा चांद हिशेबात आहे. मला तो बघायचाय." आता आजोबा नाहीत. ॲप बघून झालं की मी गच्चीवर जातो.

---

कडकभाकरी | सकाळी 8.11

@गच्चीवरचा_चांद, सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आणलंत राव.

---

रोखठोक | सकाळी 10.40

भावना ठीक आहेत, पण मुलाने ‘खरं कुठलं’ असं विचारलंय. त्याला सरळ उत्तर द्या की, 1380 कोटी खरं. कारण ते मोजलंय, तपासता येतं, चुकलं तर बदलतं. कल्प-मन्वंतर मोजलेलं नाही. शिक्षकानेच गुळमुळीत बोललं तर उद्या तोच मुलगा पत्रिका बघून साइड निवडेल. डॉ. नारळीकरांनी पत्रिकांची चाचणी घेतली होती, आठवतंय? हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून 200 पत्रिका होत्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 देऊन ओळखायला सांगितलं. 27 जणांची उत्तरं आली आणि सरासरी 46 टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

---

नीलिमा_होटगी | दुपारी 1.15

@रोखठोक, पटतंय, आणि तुम्ही ज्या जागी बोट ठेवलंत तिथे बायकांचं जगणं असतं. 26 डिसेंबर 2019 चं सूर्यग्रहण. मला सातवा महिना. सासूबाईंनी सकाळीच मागच्या खोलीत बसवलं. सुई नाही, विळी नाही, पाणीसुद्धा नाही. त्याच दिवशी शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात अपंग लेकरं बरी होतील म्हणून त्यांना गळ्यापर्यंत मातीत पुरलं होतं. ते टीव्हीवर बघून मी कितीतरी वेळ रडले. श्रद्धा आणि विज्ञान छान एकत्र नांदतात, असं म्हणताना ही लेकरं विसरू नका.

पण पुढचंही सांगते. त्या खोलीला पत्र्याचं छत, त्याला खिळ्यांची जुनी भोकं. एरवी फरशीवर उन्हाचे गोल ठिपके पडायचे. त्या दिवशी नऊच्या सुमारास बघते तर सगळे ठिपके कोरीचे झालेले. वीस-पंचवीस छोटे छोटे सूर्य, सगळे एकाच बाजूने खाल्लेले. मी ओरडून सासूबाईंना बोलावलं. त्या आल्या आणि माझ्या पोटावर पदर टाकून शेजारीच बसल्या. ठिपके पुन्हा गोल होत येईपर्यंत आम्ही दोघी बघत होतो. मग त्यांनी स्वतः उठून मला पाणी दिलं. ग्रहण पुरतं सुटायच्या आधी.

---

खडूफळा | दुपारी 1.50

@नीलिमा_होटगी, खिळ्याचं भोक म्हणजे सूचिछिद्र कॅमेरा. मी हे दरवर्षी पुठ्ठ्याने शिकवतो. यापुढे तुमचा पत्रा सांगेन, परवानगी असेल तर.

@रोखठोक, तुमचं बरोबर आहे, आकड्याच्या बाबतीत मी गुळमुळीत बोलणार नाही. पण मग मी पाटावर बसून काय करत होतो? माझा प्रश्न तिथे अडलाय.

---

बयलु | दुपारी 3.30

माझी मायबोली कन्नड, शाळा मराठी. त्यामुळे आपल्या सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर माझ्याकडे दोन्ही बाजूंनी आले. आपण गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांमागून 68 लिंगांची प्रदक्षिणा करतो, संमती कट्ट्यावर अक्षता टाकतो. शरण परंपरेत एक प्रसंग आहे. सिद्धराम इथे तळं खोदून घेत होते, मंदिरं उभारत होते. तिथे शरण संत अल्लमप्रभू आले आणि ‘हा दगड फोडणारा वड्डर कुठाय?’ असं विचारू लागले. भक्त चिडले, दगड घेऊन धावले. सिद्धराम मात्र पुढे आले. अल्लमांचं सांगणं थोडक्यात असं की बाहेर इतकं बांधतोयस, आतल्या मोकळ्या जागेचं काय? त्या मोकळ्या जागेला कन्नडमध्ये ‘बयलु’ म्हणतात. उघडं माळरान असा त्याचा साधा अर्थ, आणि शून्य असा खोल अर्थ.

मला आवडतं ते हे की तळं बुजवलं गेलं नाही. आजही ते भरतं. मोजून-मापून दगड रचणं एक काम, बयलुकडे बघणं दुसरं. बयलु म्हणजेच क्वांटम व्हॅक्यूम असं म्हणणारे फॉरवर्ड येतात, ते मी पुढे पाठवत नाही. अल्लमांना भौतिकशास्त्रज्ञ केलं की ते लहान होतात.

---

पुरातन | दुपारी 4.02

पण ज्ञानेश्वर माउलींनी ‘न चालतां सूर्याचें चालणें’ म्हटलंय. सूर्य स्थिर आहे हे त्यांना ठाऊक होतंच की!

---

सिनाकाठ | दुपारी 4.45

@पुरातन, चौथा अध्याय काढा. माउली तिथे नैष्कर्म्य समजावतायत. कर्म करत असूनही कर्म न करणारा कसा, तर उगवता-मावळताना दिसणारा, तरी न चालणारा सूर्य जसा. सूर्य दृष्टांतात आलाय, सांगायचंय ते कर्माबद्दल. आणि दृष्टांत म्हणून ती ओवी इतकी भरलेली आहे की तिला खगोलाच्या साक्षीला उभं करायची गरजच नाही.

खगोलाची साक्ष हवी तर भास्कराचार्य घ्या, सिद्धरामेश्वरांच्याच शतकातले. सिद्धांतशिरोमणी 1150 चा. पृथ्वीला शेष, कूर्म असं कुणीतरी उचलून धरलंय म्हणणाऱ्यांना ते गोलाध्यायात विचारतात की मग त्या आधाराला कुणाचा आधार? त्याला आणखी कुणाचा? ही अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी. शेवटच्याला स्वतःच्या शक्तीने उभा मानायचाच असेल, तर ‘किमाद्ये’, पहिल्यालाच, म्हणजे पृथ्वीलाच का मानू नये? ‘मग देवाला कुणी बनवलं’ हा कॉलेजच्या कट्ट्यावरचा प्रश्न त्याच जातीचा आहे, आणि तो विचारणारा माणूस स्वतः मंगलाचरण करून ग्रंथ लिहायला बसत होता.

---

धोटा | सायंकाळी 6.20

मी पद्मशाली, घरी यंत्रमाग. आमचे मूळपुरुष मार्कंडेय महामुनी, आणि त्यांचे पुत्र भावनाऋषी यांनी कमळाच्या तंतूंचं पहिलं वस्त्र विणलं असं आम्ही मानतो. आजी मार्कंडेयांची प्रलयाची गोष्ट तेलुगूत सांगायची. सगळीकडे पाणी, एकटे मुनी पोहतायत, वडाच्या पानावर एक बाळ. ते बाळ श्वास आत घेतं आणि मुनी त्याच्या पोटात जातात. तिथे सगळं जग जसंच्या तसं. नद्या, डोंगर, त्यांचा स्वतःचा आश्रमसुद्धा.

ऋग्वेदातलं सृष्टीच्या उगमाबद्दलचं नासदीय सूक्त सगळ्यांना माहीत, पण त्याच्या लगेच पुढचं सूक्त बघा. त्यात यज्ञ हे सगळीकडे तंतू ताणून विणलेलं वस्त्र आहे आणि पितर मागाशी बसलेत. पुढे विण, मागे विण, असं म्हणतायत. आता आकाशगंगा मोठ्या पट्ट्यावर मांडल्या की त्यांच्याही तंतूंचं जाळं दिसतं, हे चित्र बघितलं तेव्हा मी ते बीम भरणाऱ्या आमच्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, "ताणा दिसतोय, बाणा कुठाय?" ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. मी यातून काही सिद्ध करत नाहीये. विणणाऱ्याला विश्वही विणलेलं दिसतं, एवढंच.

---

मृगशीर्ष | सायंकाळी 6.41

@धोटा, त्या माणसाला सांगा की ताणाही पुरता दिसत नाही. दिसणारं द्रव्य अवघं 5 टक्के. 27 टक्क्यांच्या आसपास कृष्णद्रव्य, बाकी 68 टक्के कृष्ण ऊर्जा. ही दोन्ही नावं ‘कशाची आहेत ते अजून कळलेलं नाही’ अशा गोष्टींना दिलेली आहेत.

---

रोखठोक | रात्री 8.15

@धोटा, ‘सिद्ध करत नाहीये’ या तीन शब्दांसाठी धन्यवाद. असं म्हटलं की माझं भांडणच संपतं.

---

अनुताई | रात्री 9.30

निवृत्त ग्रंथपाल आहे. खडूफळा, तुमच्या अडलेल्या जागेसाठी एक माणूस सुचवते, जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचा कॅथलिक पाद्री, गळ्याशी पांढरी पट्टी लावून फिरणारा. 1927 मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून त्यानेच विश्वाचं प्रसरण मांडलं, 1931 मध्ये सगळं एका आदिम अणूतून फुटलं असं सुचवलं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांना विश्वाला आरंभ असणंच पटत नव्हतं. ‘बिग बँग’ हा शब्द त्यांनीच 1949 मध्ये रेडिओवर वापरला. आपले नारळीकर हॉइल यांचे शिष्य आणि सहकारी, त्यांनीही शेवटपर्यंत वेगळी वाट सोडली नाही.

आता बघा. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी भाषणात विज्ञानाच्या या शोधाचा निर्मितीच्या बाजूने पुरावा म्हणून गौरव केला. पाद्री असलेल्या लमेत्रला तर आनंद व्हायला हवा. तो अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं होतं की हा सिद्धांत देवाच्या प्रश्नापासून पूर्ण वेगळा आहे, मानायचं ते मानायला दोन्ही पक्ष मोकळे आहेत. पोपपर्यंत ते पोचवलं गेलं, आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो सूर धरला नाही. सिद्धांत उद्या बदलला तर श्रद्धेचं काय, आणि श्रद्धेसाठी सिद्धांत धरून ठेवला तर विज्ञानाचं काय, दोन्ही धोके त्याला दिसत होते. रोज प्रार्थना करणारा माणूस होता तो. ती भिंत त्याला टोचत नसावी, कारण त्याने ती दोन्हींच्या मानासाठी घातली होती.

आणि मुलाने विचारलेलं टाळू नका. नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवतो. चार दिवस फार झाले.

---

खडूफळा | बुधवार, रात्री 8.50

सांगितलं आज.

आधी फळ्यावर 1380 कोटी पुन्हा लिहिलं आणि म्हणालो, वय विचारशील तर उत्तर हे. हे कसं मोजलं ते मी दाखवू शकतो, आणि उद्या जास्त चांगलं मोजलं गेलं तर हेच पुसून नवं लिहीन. संकल्पातल्या कल्पाने मी विश्वाचं वय काढत नाही. मग शेजारी दुसरा पत्ता लिहिला: सोलापूर, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा, स्थानिक दीर्घिकासमूह. संकल्प मी का म्हणतो, तर काम सुरू करण्याआधी एवढ्या मोठ्या काळात आणि एवढ्या मोठ्या जागेत मी कुठे बसलोय ते मोठ्याने म्हणायला मिळतं म्हणून. शेवटी नाव आपलं येतं, आणि ते सगळ्यात लहान असतं.

मग नासदीय सूक्ताची शेवटची ऋचा सांगितली. ही सृष्टी कुठून आली हे परम व्योमातला तो अध्यक्ष जाणतो, ‘यदि वा न वेद’, किंवा तोही जाणत नसेल. प्रार्थनेच्या ग्रंथात हे लिहून ठेवणाऱ्याला मी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसवेन, म्हणालो.

मुलाने विचारलं, "सर, मग सुरुवातीच्या आधी काय होतं?" मी म्हणालो, सेकंदाच्या अगदी पहिल्या कणात, 10 चा उणे 43 वा घात, त्याच्या आधी आपली समीकरणंच चालत नाहीत. "म्हणजे तुम्हाला पण माहीत नाही." नाही म्हणालो. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. तास संपल्यावर मी डोकावलो. ‘किंवा तोही नसेल’ असं लिहून खाली माझं नाव टाकलं होतं.

---

मुंग्यावाला | रात्री 9.05

सर, तो मुलगा मोठा होणार.

---

पुरातन | रात्री 9.22

खडूफळा, माझा पहिला प्रतिसाद तुम्ही वर्गात सांगितला नाहीत ते बरं केलंत. 197 चा हिशेब मी काल वडिलांसोबत बसून पुन्हा केला. त्यांना फार मजा आली.

---

मृगशीर्ष | रात्री 9.40

येत्या अमावास्येच्या आधीच्या शनिवारी आम्ही काही जण नान्नजच्या बाजूला, गावापासून लांब, दुर्बीण लावणार आहोत. देवयानी दीर्घिका (अँड्रोमिडा) नुसत्या डोळ्यांनी दिसेल. तिचा उजेड निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस नव्हता, 25 लाख वर्षांचा प्रवास आहे. खडूफळा, त्या मुलाला त्याच्या पप्पांसकट आणा. @नीलिमा_होटगी, सासूबाईंनाही.

---

नीलिमा_होटगी | रात्री 9.52

येतो. सासूबाई विचारतायत, थंडीला चादरी किती घ्यायच्या?

---

कडकभाकरी | रात्री 9.55

भाकरी आणि शेंगा चटणी माझ्याकडे लागली.

---

मृगशीर्ष | रात्री 10.03

चादरी जमतील तेवढ्या. आणि टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावून आणा. पांढऱ्या उजेडाने दिपलेल्या डोळ्यांना अंधार परत यायला अर्धा तास लागतो.